आयईपीच्या मीटिंगला सोबत कोणाला न्यावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, न्यू जर्सीतल्या पब्लिक शाळेत. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, प्रीस्कूलपासून आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेला लेखी शिक्षण-आराखडा) आहे. परवाच्या वार्षिक मीटिंगमध्ये शाळेने स्पीच थेरपी आठवड्याला ६० मिनिटांवरून ३० मिनिटांवर आणायचं ठरवलं आणि कारण विचारल्यावर ‘तो छान प्रगती करतोय’ एवढंच सांगितलं. स्पीचची गोल्स मात्र गेल्या वर्षीचीच आहेत. मैत्रिणीने एका ॲडव्होकेटचं, म्हणजे शाळेच्या मीटिंगमध्ये पालकांच्या बाजूने बोलणाऱ्या बाईंचं, नाव सुचवलं, तर त्या बाई आधी २,५०० डॉलर भरा म्हणतायत. तुमचे मिस्टर म्हणतात, शाळेशी वाकड्यात शिरलं तर पोरालाच भोगावं लागेल. मग ॲडव्होकेट करावा का, आणि करायचा तर चांगला कसा ओळखायचा?

मी न्यू जर्सीत हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पण ॲडव्होकेटचं आधी बाजूला ठेवा. मीटिंगनंतर शाळेकडून जो आयईपी आणि लेखी नोटीस आली असेल ती काढा आणि तिच्यावरची तारीख बघा. आपल्या राज्यात ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांनी नवा आयईपी लागू होतो, तुम्ही सही केली नाही तरी. सही लागते ती पहिल्यांदा आयईपी सुरू होताना. त्यानंतरच्या बदलांना शाळा तुमच्या सहीसाठी थांबून राहत नाही. आणि ‘आम्हाला हे मान्य नाही’ असा ईमेल केला की काम झालं, असं समजू नका. ईमेल जरूर करा, तो फाइलमध्ये राहतो. पण बदल थांबवायचा असेल तर त्या १५ दिवसांच्या आत राज्याच्या शिक्षण खात्याकडे मीडिएशनचा (मध्यस्थासमोर बसून तोडगा) किंवा ड्यू प्रोसेसचा (रीतसर सुनावणी) अर्ज जायला हवा. तो गेला की वाद मिटेपर्यंत जुना आयईपी, म्हणजे तुमची ६० मिनिटं, तशीच चालू राहतात. याला ‘स्टे पुट’ म्हणतात. मीडिएशनला पैसे पडत नाहीत, फॉर्म तुमचा तुम्हाला भरता येतो, वकील लागत नाही.

हे आधी सांगायचं कारण एवढंच की दिवस उलटून गेले तर गोष्टी अवघड होतात, आणि चांगला ॲडव्होकेट ओळखायची पहिली खूणही हीच आहे. पहिल्याच फोनवर ती तुम्हाला विचारेल, ‘नोटीस कधी मिळाली?’ ज्या बाईने पैशांचं विचारलं आणि तारखेचं विचारलं नाही, तिच्याबद्दल मला शंका येईल.

आता मूळ मुद्दा. हा ॲडव्होकेट म्हणजे वकील नव्हे. विशेष शिक्षणाचा कायदा, शाळेची कागदपत्रं आणि मुलाच्या गरजा यांची सांगड घालून पालकांच्या बाजूने बोलणारा माणूस. कोणी निवृत्त विशेष शिक्षिका असते, कोणी शाळेत सायकॉलॉजिस्ट होती, आणि पुष्कळ जणी स्वतःच्या मुलासाठी भांडता भांडता शिकलेल्या आया असतात. या कामाला सरकारी लायसन्स लागत नाही. उद्या कोणीही कार्ड छापून ॲडव्होकेट होऊ शकतं, म्हणून पारखून घेण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. कोपा नावाची पालकांच्या बाजूच्या वकिलांची आणि ॲडव्होकेटांची राष्ट्रीय संघटना आहे. ती वर्षभराचं प्रशिक्षण देते, तिच्या यादीतून नावंही शोधता येतात. प्रशिक्षण घेतलेलं असणं चांगलंच, पण नुसतं सर्टिफिकेट पाहून भुलू नका.

मीटिंगला कोणाला आणायचं हे शाळा ठरवते, असा आपल्याकडे समज आहे. पण मुलाबद्दल माहिती किंवा विशेष ज्ञान असलेली व्यक्ती सोबत आणायचा हक्क विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यानेच पालकांना दिलाय, आणि ती व्यक्ती तशी आहे की नाही हे आणणाराच ठरवतो. मुळात १९७५ साली हा कायदा झाला तेव्हापासून पालक हे त्या टेबलाभोवतीचे पाहुणे नसून टीमचे सभासद आहेत. आपण भारतातून येताना ‘बाई म्हणतील ते’ ही सवय घेऊन येतो. केस मॅनेजर (मुलाच्या आयईपीचं काम बघणारी शाळेची व्यक्ती), स्पीच थेरपिस्ट, वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका अशी सहा-सात माणसं समोर, त्यांच्या तोंडी सगळी आद्याक्षरं, आणि आपण दोघं मान डोलावून ‘थँक यू’ म्हणून बाहेर येतो. गाडीत बसल्यावर आठवतं, हे विचारायचंच राहिलं. ॲडव्होकेटचं निम्मं काम हे राहिलेलं विचारणं आहे.

उरलेलं निम्मं काम मीटिंगच्या आधी घरी, फाइल उघडून होतं, आणि माझ्या मते खरी पारख तिथेच होते. चांगली ॲडव्होकेट म्हणेल, सगळे आयईपी पाठवा, मूल्यमापनाचे सगळे रिपोर्ट पाठवा, प्रोग्रेस रिपोर्ट पाठवा, मग बोलू. तुमच्याच बाबतीत ती काय करेल ते सांगते. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आयईपी शेजारी ठेवेल आणि स्पीचच्या गोलवर बोट ठेवेल. तिथे बहुधा असं काही असेल: ‘दोन पायऱ्यांच्या तोंडी सूचना ८० टक्के अचूकतेने, पाचपैकी चार वेळा पाळेल.’ दोन्ही वर्षी शब्दाला शब्द तेच. मग ती बेसलाइन शोधेल, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला तो किती करत होता. २० टक्के? ६० टक्के? तो आकडा तिथे नसेल तर ‘प्रगती करतोय’ या वाक्याला कुठलाच आधार नाही. शेवटी प्रोग्रेस रिपोर्टमध्ये वर्षभरात काय नोंदलंय ते पाहील. आता शाळेच्या दोन विधानांची गाठ घाला. प्रगती छान आहे म्हणून वेळ कमी करतो, हे एक. गोल गाठलं नाही म्हणून तेच पुढच्या वर्षी ठेवतो, हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? हा प्रश्न शांतपणे, आवाज न चढवता, कागद समोर ठेवून विचारला की टेबलावरचा सूर बदलतो. यात हुशारीचा भाग थोडाच, बाकी सगळं नीट वाचणं आहे.

तेच ते गोल वर्षानुवर्षं उतरवणं ही क्षुल्लक बाब नाही. कोलोरॅडोतल्या डग्लस काउंटीतल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या आईवडिलांची तक्रार हीच होती की दर वर्षीचा आयईपी मागच्या वर्षीच्याच गोल्सची नक्कल असतो. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये, ‘एन्ड्रू एफ.’ या निकालात, न्यायालयाने एकमताने सांगितलं की आयईपी त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हावी असा आखलेला असला पाहिजे, नावापुरती किंचित प्रगती पुरेशी नाही. तुमच्या उमेदवार बाईंना या निकालाबद्दल सहज विचारून बघा. त्यांनी भाषण देऊ नये, पण तुमच्या मुलाच्या आयईपीला तो कसा लागू होतो हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

आता मिस्टरांची भीती. ती मी जवळजवळ प्रत्येक मराठी घरात ऐकते, आणि ती खोटी ठरवायचा माझा हेतू नाही. मूल दिवसातले सहा तास त्यांच्या ताब्यात असतं, त्यामुळे आईबापाला धाकधूक वाटणारच. पण केस मॅनेजरच्या दृष्टीने ॲडव्होकेट येणं हा नेहमीचा प्रकार आहे, त्यात तिला अपमान वाटत नाही. हक्क मागितला म्हणून पालकावर किंवा मुलावर डूख धरणं हे सेक्शन ५०४ या, अपंगत्वावरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली बेकायदा आहे. संबंध बिघडतात ते ॲडव्होकेट आल्यामुळे क्वचित, त्याच्या वागण्यामुळे जास्त. म्हणून ‘मी बघून घेते त्यांना’, ‘या डिस्ट्रिक्टला (शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला) मी सरळ करते’ असं बोलणारी बाई तुम्हाला कितीही धीराची वाटली तरी टाळा. तिच्या पाठोपाठ तुम्हाला त्याच डिस्ट्रिक्टच्या शाळांत अजून दहा-अकरा वर्षं जायचंय. व्हिसाचीही काळजी असेल तर तीही सोडा. पब्लिक शाळेतलं शिक्षण मुलाच्या इमिग्रेशन स्टेटसवर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच स्पष्ट केलंय, आणि आयईपी त्याच शिक्षणाचा भाग आहे.

पैशांचं बोलू. खासगी ॲडव्होकेट आपल्या भागात तासाला साधारण १०० ते ३०० डॉलर घेतात. २,५०० डॉलर आगाऊ घेणं हे ऐकिवात नसलेलं नाही, पण फाइल न बघता घेणं मला पटत नाही. त्यांना स्पष्ट विचारा: तासाचा दर किती, ईमेल वाचायचे आणि प्रवासाचे पैसे लावता का, न वापरलेली रक्कम परत मिळते का, आणि सुरुवातीला फक्त फाइल वाचून एक तास बोलायचे किती? पुष्कळ घरांना एवढंच पुरतं. एक तास नीट समजावून घेतलं की पुढची मीटिंग आई स्वतः उत्तम चालवते, हे मी पाहिलंय. करार लेखी हवा. निकालाची हमी देणारी, अमुक प्रायव्हेट शाळेत घालाच म्हणून पहिल्या दिवसापासून मागे लागणारी, किंवा स्वतःच्याच थेरपी सेंटरची सेवा विकणारी व्यक्ती नको.

हे पैसे पुढे शाळेकडून वसूल होतील, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या आर्लिंग्टन डिस्ट्रिक्टविरुद्ध मर्फी नावाचं कुटुंब केस जिंकलं आणि त्यांनी आपल्या शैक्षणिक सल्लागार बाईंची २९,३५० डॉलर फी मागितली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नाही म्हटलं. केस जिंकल्यावर वकिलाची फी मिळू शकते, ॲडव्होकेटची नाही. सुनावणीत पालकांच्या वतीने उभं राहण्याचंही तसंच. न्यू जर्सीत परवानगी घेऊन बिगर-वकील उभा राहू शकतो, पण त्याचे पैसे त्याला घेता येत नाहीत. शेजारच्या डेलावेअरमध्ये तर २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण बंदच केलं.

म्हणजे वकील कधी करायचा तेही यातून ठरतं. मुलाला डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत पाठवायचंय आणि डिस्ट्रिक्ट नकार देतंय, वागणुकीवरून दहा दिवसांपेक्षा जास्त सस्पेन्शन होतंय, ड्यू प्रोसेस लागलंच आहे, किंवा पुढच्या मीटिंगला डिस्ट्रिक्टचा वकील येणार असं कळलंय, तर थेट विशेष शिक्षणाचा वकील गाठा. चांगली ॲडव्होकेट अशा वेळी आपणहून म्हणते, ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.’ न्यू जर्सीकरांच्या बाजूने एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पुराव्याचा भार तक्रार करणाऱ्यावर टाकला, पण आपल्या राज्याने २००८ मध्ये कायदा करून तो पुन्हा डिस्ट्रिक्टवर ठेवला. म्हणजे सुनावणीत आपला आयईपी योग्य आहे हे शाळेला सिद्ध करावं लागतं. त्यामुळेच मीडिएशनमध्ये शाळा जरा सबुरीने बोलतात.

तुमची बाब मात्र अजून त्या टोकाला गेलेली नाही, आणि म्हणून पैसे मोजण्याआधी फुकट मदत घेऊन बघा असं मी मनापासून सांगेन. न्यूअर्कमधली ‘स्पॅन’ ही आपल्या राज्याची पालक-माहिती संस्था आहे. केंद्र सरकारच्या निधीतून अशी निदान एक संस्था प्रत्येक राज्यात असते. तिथे फोनवर तुमचा आयईपी समजावून सांगणारी माणसं आहेत, आणि ती बहुतेक स्वतः पालकच असतात. हक्कांचा भंग झालाय असं वाटलं तर ‘डिसॅबिलिटी राइट्स न्यू जर्सी’ ही संस्था आहे. उत्पन्न कमी असेल तर न्यूअर्कलाच रटगर्स लॉ स्कूलचं क्लिनिक पालकांच्या केसेस घेतं. आणि चांगल्या ॲडव्होकेटचं नाव मिळायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे तुमच्या डिस्ट्रिक्टचा सेपॅग, विशेष शिक्षणातल्या मुलांच्या पालकांचा गट. राज्याच्या नियमाने प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये तो असावाच लागतो. तिथे जाऊन विचारा, कोणाला कोणाचा काय अनुभव आला. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्यापेक्षा ते बरं, कारण तिथे मुलाचं निदान चारचौघांत जातं आणि सल्ला दुसऱ्या डिस्ट्रिक्टचा मिळतो.

ॲडव्होकेट ठरो वा न ठरो, एक ईमेल आजच केस मॅनेजरला करा. त्यात रागाचं काही नको. तीन मागण्या: स्पीचची वेळ कमी करण्याचा प्रस्ताव कुठल्या मूल्यमापनाच्या आणि कुठल्या नोंदींच्या आधारे केला ते लेखी कळवा, गेल्या वर्षभरातल्या स्पीच सेशनच्या नोंदी आणि डेटा शीट्स पाठवा, आणि यावर बोलण्यासाठी पुन्हा आयईपी मीटिंग बोलवा. प्रस्तावाची कारणं लेखी देणं शाळेवर बंधनकारकच आहे. जे तोंडी बोललं गेलं ते त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून दोन ओळींत लिहून पाठवायची सवय लावा. पुढे कोणीही मदतीला आलं तरी त्याला हेच कागद लागणार आहेत. शाळेच्या मूल्यमापनाशी तुम्ही सहमत नसाल तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. शाळेने मग एकतर ते करून द्यायचं, नाही तर आपलं मूल्यमापन योग्य होतं हे सुनावणीत दाखवायचं. नव्याने मूल्यमापन होणार असेल तर त्याचे रिपोर्ट पात्रतेच्या मीटिंगच्या निदान १० दिवस आधी तुमच्या हातात पडायला हवेत. टेबलावर बसल्यावर तीस पानं पुढ्यात ठेवली तर मीटिंग पुढे ढकला म्हणा.

मीटिंगचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर सुरू होण्याआधी तसं सांगा, आपल्या राज्यात ते चालतं. इंग्रजीत सगळं कळत असूनही तांत्रिक भाषेत अडखळायला होत असेल तर मराठी दुभाषा मागा, तो शाळेने द्यायचा असतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आजी-आजोबा इथे असतील आणि नातवाचं रोजचं सगळं तेच बघत असतील तर त्यांनाही मीटिंगला नेता येतं. मुलाबद्दल जे ज्ञान लागतं ते त्यांच्याकडे असतंच.

भाषेवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ असं शाळेत कोणी सुचवलं, किंवा ॲडव्होकेटनेच मान डोलावली, तर ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनातून दिसत नाही. ज्या भाषेत आईला ओरडता येतं, लाडात बोलता येतं, ती तोडून मुलाचं भलं होत नाही. उलट मूल्यमापन करताना त्याची घरची भाषा मराठी आहे हे स्पीच थेरपिस्टने लक्षात घेतलं की नाही, हा तुम्ही विचारायचा प्रश्न आहे. कायदा सांगतो की इंग्रजी कमी येणं हे डिसॅबिलिटी ठरवायचं मुख्य कारण असू शकत नाही. तसंच, इंग्रजी शिकतोय म्हणून खरी गरज झाकून टाकणंही चालत नाही.

नुकतेच भारतातून आलेले काही जण हे वाचत असतील म्हणून सांगते. पुण्या-मुंबईचे रिपोर्ट, यूडीआयडी कार्ड (भारतातलं अपंगत्वाचं ओळखपत्र) इथे आपोआप लागू होत नाहीत. तरी ते फेकू नका. भाषांतर लागेल तिथे करून, लेखी विनंतीसोबत चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे मुलाचं मूल्यमापन करणाऱ्या शाळेच्या टीमला द्या. पालकांनी दिलेली माहिती त्यांना विचारात घ्यावीच लागते. विनंती पोचल्यापासून २० दिवसांत त्यांनी तुम्हाला पहिल्या मीटिंगला बोलवायचं असतं. तीन वर्षांखालचं बाळ असेल तर शाळेकडे नव्हे, अर्ली इंटरव्हेन्शन या लहान बाळांसाठीच्या राज्याच्या सेवेकडे जायचं.

तुमच्या मैत्रिणीने सुचवलेल्या बाई वाईट असतील असं मी म्हणत नाही. त्यांना फोन करा, नोटिशीची तारीख सांगायच्या आधी त्या विचारतात का बघा, आणि दोन्ही वर्षांचे आयईपी पाठवून फक्त फाइल वाचायचे पैसे द्यायची तयारी दाखवा. त्याला तयार झाल्या तर बोलणं पुढे न्या. नाही झाल्या तर स्पॅनला फोन करा. दोन्हींपैकी काहीही झालं तरी मीडिएशनचा अर्ज मुदतीत टाकून ठेवा, तो मागे घेता येतो.

न्यू जर्सीबाहेरच्यांसाठी: वरच्या दिवसांच्या मुदती, रेकॉर्डिंगचा आणि सहीचा नियम हे सगळं आमच्या राज्याचं आहे. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, पालकांच्या संमतीशिवाय नवा आयईपी लागू करता येत नाही, त्यामुळे तिथे घाईने सही न करणं हेच पालकांचं मोठं बळ. तुमच्या राज्याच्या पालक-माहिती संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: मी सही केली नाही तर काय होतं, आणि किती दिवसांत?